फुग्याला सुकाणू नसतं: आर्क्टिकच्या आकाशातली एक मोहीम आणि दोन कलाकार

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा लोकलच्या गोंगाटात अर्धाच ऐकू आला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. आकडे नुसते ऐकून डोक्यात राहत नाहीत, म्हणून इथे ते जरा निवांत मांडलेत.

सुरुवात एका सिनेमापासून करू. योआकिम कोस्टर हा डेन्मार्कचा कलाकार. इटलीतल्या व्हेनिसमध्ये दर दोन वर्षांनी कलेचं एक प्रचंड प्रदर्शन भरतं, व्हेनिस बिएनाले. २००५ साली तिथे डेन्मार्कच्या दालनात कोस्टरची १६ मिलिमीटर फिल्मवरची एक छोटी कलाकृती होती. नाव 'मेसेज फ्रॉम आंद्रे'. आंद्रेचा निरोप. आता नाव ऐकून वाटतं की कोणीतरी काहीतरी बोलणार, पत्र वाचून दाखवणार. पडद्यावर मात्र डाग असतात. काळे ठिपके, ओरखडे, ओल लागून पसरलेले पट्टे, आणि ते सगळे चित्रामागून चित्र येत थरथरत राहतात. आपल्या ओळखीतल्या एखाद्या काकांना दाखवलं तर ते शांतपणे उठून म्हणतील, "अरे, प्रोजेक्टर बिघडलाय."

प्रोजेक्टर ठीक आहे. ते डाग खरे आहेत. आर्क्टिकमधल्या एका बेटावर ३३ वर्षं बर्फात पडून राहिलेल्या फोटोंच्या रोलवरचे ते डाग आहेत. ते फोटो ज्याने काढले तो तेव्हा २४ वर्षांचा होता आणि एका फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला होता. हा फुगा तिथे का गेला, कसा पडला आणि त्याच्या खराब झालेल्या फोटोंवरून शंभरेक वर्षांनी कोणाला सिनेमा का करावासा वाटला, हे आजच्या भागात. मला यात कलेइतकंच इंजिनिअरिंग दिसतं, त्यामुळे आधी थोडं फिजिक्स सहन करा.

सालोमन ऑगस्ट आंद्रे हा स्वीडनचा इंजिनिअर, पेटंट ऑफिसात नोकरीला. १८९५ मध्ये त्याने योजना मांडली: स्वालबार्ड द्वीपसमूहावरून हायड्रोजनच्या फुग्यात बसायचं आणि ध्रुवावरून जाऊन पलीकडे रशियात नाहीतर अलास्कात उतरायचं. त्या काळात ध्रुवाकडे जाणारे लोक स्लेज ओढत, कुत्रे मारून खात, बोटं गळेपर्यंत चालत. आंद्रे म्हणाला, एवढं कशाला, वरून जाऊ. लोकांना हे प्रचंड आवडलं. आल्फ्रेड नोबेलने पैसे दिले, स्वीडनच्या राजाने दिले.

एक शंका मात्र कोणीही काढेल. फुगा वाऱ्याबरोबर जातो. वारा दक्षिणेकडे वळला तर?

इथे आंद्रेची आयडिया खरोखर हुशारीची आहे. खाडीत ओहोटीबरोबर वाहत चाललेली होडी डोळ्यांसमोर आणा. इंजिन बंद, वल्ही आत. सुकाणू कितीही फिरवा, होडी वळत नाही, कारण होडी आणि पाणी एकाच वेगाने चाललेत. सुकाणूवरून पाणी वाहतच नाही, मग ते ढकलणार कशाला? फुग्याचं तसंच. तो वाऱ्याच्या वेगानेच चाललेला असतो. आत बसलेल्याला झुळूकसुद्धा जाणवत नाही, त्यामुळे शीड लावून काही उपयोग नाही. आता त्या होडीतून एक जड साखळी खाली सोडा, तळाला घासत जाईल अशी. होडी हळू होईल, पाणी तिला मागे टाकून पुढे पळेल, आणि सुकाणूला पकड मिळेल. आंद्रेने हेच फुग्याला केलं. शेकडो मीटर लांबीचे जाड दोर खाली सोडायचे, ते बर्फावरून आणि पाण्यावरून घासत जातील, फुगा वाऱ्यापेक्षा हळू होईल, मग शिडात वारा भरेल आणि दिशा काही अंशांनी बदलता येईल. शिवाय दोर वजनाचंही काम करणार होते. फुगा खाली आला की जास्त दोर जमिनीवर टेकतो, फुगा हलका होतो, पुन्हा वर जातो. आपोआप. कागदावर बघाल तर टाळी द्यावीशी वाटते.

कागदाबाहेर गोष्ट वेगळी होती. स्वेया नावाच्या छोट्या फुग्यातून त्याने स्वीडनमध्ये प्रयोग केले होते आणि दिशा बदलता येते असा त्याचा दावा होता. याच फुग्याला एकदा वाऱ्याने बाल्टिक समुद्र ओलांडून फिनलंडच्या बाजूला नेऊन टाकलं होतं, हेही तितकंच खरं.

दुसरा प्रश्न गळतीचा. ध्रुवावर जायचा मोठा फुगा, ओर्नेन म्हणजे गरुड, पॅरिसमध्ये तयार झाला. सुमारे २० मीटर व्यास, रेशमाचे थरावर थर, वरून वार्निश. आता रेशमाचे तुकडे जोडायचे म्हणजे शिवणं आलं, आणि शिवण म्हणजे सुईची भोकं. अंदाजे ८० लाख भोकं. हायड्रोजन हा विश्वातला सगळ्यात हलका वायू, त्याला एवढी दारं मिळाल्यावर तो बसून राहील का? फुगा ३० दिवस हवेत राहील असा आंद्रेचा हिशोब होता.

आणि आता जे सांगतोय ते आपल्या धंद्यातल्या लोकांनी जरा सावकाश वाचा. हा फुगा पॅरिसहून थेट स्वालबार्डला पाठवला गेला. मधे एकही चाचणी उड्डाण नाही. टेस्टिंगशिवाय सरळ प्रोडक्शनला.

१८९६ च्या उन्हाळ्यात पहिला प्रयत्न झाला. स्वालबार्डच्या डान्स्कया बेटावर लाकडाची भलीमोठी फुगाशाळा उभारली, फुगा भरला आणि दक्षिणेचा वारा यायची वाट बघत बसले. वारा आलाच नाही. मोहिमेत निल्स एकहोल्म नावाचा हवामानशास्त्रज्ञ होता. काही वर्षांपूर्वीच्या स्वालबार्डच्याच एका मोहिमेत तो आंद्रेचा वरिष्ठ होता. तो रिकामा बसला नाही, त्याने गळती मोजली. आकडा वाईट होता. ३० दिवस सोडा, त्याच्या हिशोबाने त्याच्या जवळपासही फुगा टिकणार नव्हता. परत येताना त्याला आणखी एक गोष्ट कळली: आंद्रे गुपचूप फुग्यात जास्तीचा हायड्रोजन भरवून घेत होता. म्हणजे मोजमाप चांगलं दिसावं म्हणून डॅशबोर्डच्या मागून आकडा वाढवणं चाललं होतं. एकहोल्मने मोहीम सोडली.

आंद्रेने का ऐकलं नाही यावर बरंच लिहिलं गेलंय. मला वाटतं की तो मूर्ख नव्हता, तो अडकला होता. राजाचे पैसे घेतले, वर्तमानपत्रांत नाव झालं, गावोगाव निरोपसमारंभ झाले, आणि तो न उडताच परत आला. त्यात भर म्हणजे त्याच उन्हाळ्यात फ्रिट्यॉफ नान्सेनची मोहीम जिवंत परतली, आर्क्टिकच्या बर्फात तीन वर्षं काढून. त्याचं फ्राम जहाज चक्क डान्स्कयाला, आंद्रेच्या फुगाशाळेपाशी येऊन गेलं. एका बाजूला नान्सेन, दुसऱ्या बाजूला वारा नाही म्हणून परत फिरलेला मी, अशी तुलना रोज वाचायला लागल्यावर माणूस "फुगा गळतोय" हे मोठ्याने म्हणू शकेल का? नवीन फुगा म्हणजे पुन्हा पैसे मागणं, पुन्हा एक वर्ष. डेडलाइन नावाची वस्तू आपण शोधून काढलेली नाही.

एकहोल्मच्या जागी क्नुट फ्रेंकेल आला, वय २७. तिसरा निल्स स्ट्रिंडबर्ग, २४ वर्षांचा, फोटो काढणारा, नुकताच साखरपुडा झालेला. आंद्रे स्वतः ४२ वर्षांचा.

११ जुलै १८९७. दक्षिणेकडून वारा आला आणि ते निघाले. पहिल्या काही मिनिटांतच फुगा खाली बसायला लागला, टोपली पाण्याला टेकली. तिघांनी घाईघाईत २१० किलो वाळू फेकली. त्याच वेळी दोर. हे दोर अडकले तर खालचा भाग सोडून देता यावा म्हणून मधे स्क्रूचे जोड ठेवले होते. जमिनीवर ओढले जाताना दोरांना पीळ पडला आणि ते जोड आपोआप उलटे फिरून सुटले. ५३० किलो दोर किनाऱ्यावरच राहिला. सुरक्षेसाठी घातलेल्या सोयीनेच सुकाणू काढून टाकलं. एकूण ७४० किलो वजन गेलं आणि फुगा ७०० मीटर वर चढला, जिथे तो कधीच जायचा नव्हता. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे त्या ८० लाख भोकांतून गॅस आणखी जोरात. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत वळवता येणारं यान एक साधा फुगा झालं.

साडेदहा तास मोकळं उड्डाण. मग धुकं. ओल कापडावर साचून गोठली, फुगा जड झाला आणि पुढचे ४१ तास टोपली बर्फावर आपटत, उसळत, पुन्हा आपटत चालली. १४ जुलैला ते ८३ अंश उत्तरेच्या थोडं अलीकडे बर्फावर उतरले. ध्रुव अजून पावणेआठशे-आठशे किलोमीटर लांब.

तिघांपैकी कोणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. हे मला सगळ्यात जड जातं. पुढे जवळपास दोन महिने ते स्लेज ओढत चालले. समुद्रावर तरंगणारा बर्फ त्यांच्या पायाखालून उलट दिशेला सरकत होता, म्हणजे ट्रेडमिलवर चालल्यासारखं. आधी पूर्वेकडे निघाले तर बर्फाने पश्चिमेला नेलं, दिशा बदलली तर बर्फानेही बदलली. फुग्यावर असताना वाऱ्याने ठरवलं, खाली आल्यावर समुद्राने. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते क्वितया नावाच्या बेटावर पोचले, नावाचा अर्थच पांढरं बेट, आणि काही दिवसांत डायरी थांबली. कशाने मेले यावर आजही एकमत नाही.

जगाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सोबत ३६ कबुतरं होती, निरोप पाठवायला. त्यातलं एक नॉर्वेच्या एका जहाजावर जाऊन बसलं, तिथे ते मारलं गेलं, आणि त्याच्याकडची चिठ्ठी मिळाली: सगळं ठीक आहे. बस. मग ३३ वर्षं शांतता. ६ ऑगस्ट १९३० ला ब्रातवाग नावाच्या नॉर्वेजियन जहाजावरच्या माणसांना क्वितयावर तळ सापडला. माणसांचे अवशेष, डायऱ्या, आणि धातूच्या डब्यांत फोटोंच्या फिल्म.

आता त्या फिल्मचं काय झालं ते बघू, कारण इथूनच कोस्टरचा सिनेमा सुरू होतो.

आपल्या पिढीला रोल म्हणजे काय हे आठवत असलं तर थोडंसंच, म्हणून थोडक्यात. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. प्रकाश पडला की त्या कणांत एक सूक्ष्म बदल होतो, जो डोळ्यांना दिसत नाही. रसायनात धुतल्यावरच चित्र उमटतं. म्हणजे स्ट्रिंडबर्गने बटण दाबलं तेव्हा फोटो निघाला होता, पण कोणी बघितलेला नव्हता. तो ३३ वर्षं तसाच न उघडलेल्या फाइलसारखा राहिला. थंडीने फ्रीजचं काम केलं, ओलीने नासधूस केली. जिलेटिन पाणी पिऊन फुगतं, मऊ पडतं, थर एकमेकांना चिकटतात. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत योन हेर्ट्झबर्ग याने हे रोल धुतले. एकदा चुकलं तर परत नाही, बॅकअप नाही. २४० फोटोंपैकी ९३ त्याने वाचवले. त्यातला एक तुम्ही कदाचित बघितलाही असेल: बर्फावर कलंडलेला अवाढव्य फुगा आणि समोर दोन बारके माणसं, पाहत उभी.

सगळं जग त्या चांगल्या फोटोंकडे बघत होतं. साहजिक आहे. कोस्टरने उलट केलं. जे फोटो जवळजवळ गेलेले आहेत, ज्यांत माणूस, फुगा, क्षितिज काही कळत नाही, त्यांच्यावरचे डाग आणि ठिपके त्याने घेतले आणि ते फ्रेममागून फ्रेम चालवले.

मी पहिल्यांदा याबद्दल वाचलं तेव्हा मला ते इमेज प्रोसेसिंगच्या क्लासच्या नेमकं उलट वाटलं. आम्हाला शिकवलेलं की चित्र म्हणजे सिग्नल अधिक नॉइज. नॉइज ओळखा, काढून टाका, उरेल ते चित्र. तुमच्या फोनचा कॅमेरा रात्रीचा फोटो काढताना हेच करतो, आणि आता तर जिथे माहिती नाही तिथे स्वतःच्या मनाने भरूनही टाकतो. स्ट्रिंडबर्गचे खराब फोटो आज एखाद्या ॲपला दिले तर ते सुंदर, स्वच्छ फोटो परत देईल. बर्फ चमकेल, चेहऱ्यांना डोळे येतील. ते डोळे कोणाचे असतील?

आणि नीट विचार केला तर तो डाग हा नॉइज आहे का? स्ट्रिंडबर्गने बटण दाबलं तो क्षण सेकंदाच्या छोट्याशा भागाचा. त्यानंतर ३३ उन्हाळे आले, बर्फ वितळला, पाणी डब्यात शिरलं, पुन्हा गोठलं. प्रत्येक डाग ही त्याची नोंद आहे. त्या बेटावर माणसं मेल्यानंतर जे घडलं त्याला दुसरा साक्षीदारच नाही. फोटोत तीन महिन्यांची गोष्ट आहे, डागांत ३३ वर्षांची. कोस्टर ती दुसरी गोष्ट वाचायचा प्रयत्न करत नाही, ती वाचता येत नाही हे दाखवतो. आंद्रेचा निरोप आला, पण तो आपल्याला कळणाऱ्या भाषेत नाही. "सगळं ठीक आहे" या कबुतराच्या चिठ्ठीपेक्षा मला हा निरोप जास्त खरा वाटतो.

कन्सेप्चुअल आर्ट म्हटलं की आपल्यातले निम्मे लोक डोळे फिरवतात, हे मला माहीत आहे. भिंतीवर केळं चिकटवलं की झालं, असा समज. पण इथे कल्पना काढून टाकली तर डाग उरतात, आणि डाग काढून टाकले तर काहीच उरत नाही. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

बरं, फुगा वळवायचा प्रश्न पुढे कसा सुटला? सरळ इंजिन लावून. एअरशिप म्हणजे हेच: लांबोडका फुगा, खाली केबिन, इंजिनं आणि खरं सुकाणू. १२ मे १९२६ ला नॉर्गे ही एअरशिप उत्तर ध्रुवावर पोचली. तीन इंजिनं, १६ माणसं. मोहीम रोआल्ड अमुंडसेन आणि लिंकन एल्सवर्थची, यान बनवणारा आणि चालवणारा इटलीचा उम्बेर्तो नोबिले. आंद्रेने कागदावर काढलेली रेघ, स्वालबार्डहून ध्रुवावरून अलास्का, नॉर्गेने पूर्ण केली. म्हणून निसर्गाने हार मानली असं समजू नका. पंख्यांवर जमलेल्या बर्फाचे तुकडे उडून कापडाला भोकं पाडत होते आणि माणसं आतून ठिगळं लावत होती. दोन वर्षांनी नोबिलेची इटालिया ध्रुवावर जाऊन परतताना २५ मे १९२८ ला बर्फावर आदळली. केबिन फुटून खाली राहिली आणि हलका झालेला फुगा सहा जणांना घेऊन वर गेला. ते सहा जण पुन्हा कोणालाही दिसले नाहीत. खाली वाचलेल्यांकडे एक छोटा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. त्यांची हाक रशियातल्या एका हौशी रेडिओवाल्याने पकडली म्हणून शोध योग्य जागी सुरू झाला. त्यांना शोधायला विमानातून निघालेला अमुंडसेन स्वतःच बेपत्ता झाला, तो कायमचा.

नॉर्गे आणि इटालिया ज्या लोखंडी मनोऱ्याला बांधत, तो स्वालबार्डमध्ये नी-ऑलेसुंड या वस्तीजवळ अजून उभा आहे. आणि त्याच वस्तीत २००८ पासून आपलं हिमाद्री आहे, भारताचं आर्क्टिक संशोधन केंद्र. ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. आपल्याकडून दरवर्षी तिथे हवा, बर्फ, फ्योर्डचं पाणी मोजायला माणसं जातात आणि येता-जाता त्यांना तो मनोरा दिसतो. कोकण रेल्वेने वास्कोजवळून जाताना ही गोष्ट आठवली की मला उगाच छान वाटतं.

आता दुसरा कलाकार. तोमास सारासेनो, अर्जेंटिनाचा, शिकलेला आर्किटेक्चर. त्याने इंजिन काढून टाकलं, आणि पुढे जाऊन हायड्रोजन, हीलियम, बर्नरही काढून टाकले. उरलं काय? काळं कापड, आत साधी हवा आणि ऊन. ऊन कापडाला तापवतं, आतली हवा गरम होते, फुगा उठतो. या प्रकल्पाचं नाव एरोसीन. त्याआधी २००७ पासून तो आणि त्याचे सोबती वापरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून, जोडून असे फुगे बनवत होते, गावोगावच्या लोकांना हाताशी धरून. म्हणजे आपल्या घरी स्वयंपाकघरात पिशव्यांनी भरलेली जी एक पिशवी असते, ती उडवली तर काय, असा प्रकार.

थोडा हिशोब करू. २० अंशाला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो. ती ३० अंशांनी गरम केली तर साधारण ११० ग्रॅम हलकी होते. म्हणजे एक घनमीटरला ११० ग्रॅम उचल. हायड्रोजन याच्या दहापटीने उचलतो. ७० किलोचा माणूस आणि तेवढंच किंवा थोडं जास्त कापड धरलं तर १,३०० ते १,४०० घनमीटर लागतात, म्हणजे १४ मीटर व्यासाचा गोल. एका माणसासाठी चार मजली इमारतीएवढी वस्तू! त्यामुळे "हे उद्याचं विमान आहे" असं कोणी सांगायला लागलं तर मी त्याला नमस्कार करून पुढे जाईन. पण ते उडतं, हेही खरंच. जानेवारी २०२० मध्ये अर्जेंटिनाच्या उत्तरेला सालिनास ग्रान्देस या मिठाच्या पठारावर लेतिसिया मार्केस ही पायलट अशा फुग्यातून मोकळी उडाली, फक्त उन्हावर. ३२ जागतिक विक्रम नोंदले गेले. आणि ज्यांच्या फोनमध्ये कोरियन गाणी भरलेली आहेत त्यांच्यासाठी: हे उड्डाण बीटीएसच्या कला उपक्रमाचा भाग होतं.

फुग्यावर तिथल्या मूळनिवासी समाजांचं वाक्य लिहिलं होतं, स्पॅनिशमध्ये. अर्थ असा की पाणी आणि जीव लिथियमपेक्षा मोलाचे. कारण त्या मिठाखाली लिथियम आहे आणि ते काढायला अतोनात पाणी लागतं, तेही वाळवंटी भागातलं. लिथियम कुठे जातं? हा मजकूर तुम्ही ज्या यंत्रावर वाचताय त्याच्या बॅटरीत. माझ्याही. सारासेनोच्या कामातल्या मोठ्या मोठ्या शब्दांपेक्षा मला ही एक ओळ जास्त लागली, कारण ती बघणाऱ्यांनी आकाशातला फुगा फोनवरच बघितला.

मग हा फुगा वळतो कसा? वळत नाही. इथे आंद्रेशी तुलना करावीच लागते. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला असतो. खाली पूर्वेकडे, हजार मीटरवर ईशान्येकडे, अजून वर भलतीकडेच. फुग्याने फक्त वर-खाली व्हायचं, पाहिजे तो थर धरायचा. यासाठी थर माहीत हवेत, आणि १८९७ मध्ये ते कोणालाच माहीत नव्हते. आज आहेत. एरोसीनने एमआयटीतल्या शास्त्रज्ञांबरोबर फ्लोट प्रेडिक्टर नावाचं सॉफ्टवेअर केलं, जे हवामानाच्या अंदाजावरून सांगतं की इथून सोडलेला फुगा कुठे जाईल. गूगलच्या घरातून निघालेल्या लूनने याच तत्त्वावर इंटरनेटचे फुगे चालवले, केनियाच्या आकाशात ते आलटूनपालटून थर बदलत एका भागावर टिकून राहत. २०२१ मध्ये लून बंद पडलं, पैशाचं गणित जमलं नाही म्हणून. तंत्र चाललं होतं.

ऐकताना तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल की हा उन्हाचा फुगा रात्री काय करतो? खाली येतो, किंवा जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेवर कसाबसा तगतो. मग जिथे रात्रच नाही तिथे नेला तर? आर्क्टिकचा उन्हाळा! मी हिशोब करून बघितला. जूनच्या शेवटी ८० अंश उत्तरेला दुपारी सूर्य क्षितिजापासून ३३ अंश वर असतो आणि मध्यरात्रीसुद्धा १३ अंशांवर. मावळतच नाही. गोल फुग्याला ऊन तिरपं आलं काय नि डोक्यावरून आलं काय, समोर पडणारा आकार तोच राहतो. खालचा बर्फ आरशासारखा उजेड वर फेकतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी ताप. शिवाय थंड हवा जड असते, त्यामुळे तेवढ्याच तापमानाच्या फरकाला उचल थोडी जास्त मिळते. सगळं बाजूने. एकच गोष्ट विरोधात: धुकं. आर्क्टिकच्या उन्हाळ्यात समुद्रावर धुकं पसरतं, ऊन जातं, कापड ओलं होतं, गोठतं. आंद्रेचा फुगा ज्याने खाली आणला तेच. फरक इतकाच की उन्हाच्या फुग्यात माणूस बसवायची काही गरज नाही.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर फोनवर विंडी नावाचं ॲप उघडा. स्वालबार्ड शोधा, त्याच्या वायव्य कोपऱ्यात डान्स्कया आहे, अगदी बारकं. बाजूला उंचीची पट्टी दिसेल. ती जमिनीपासून हळूहळू वर सरकवा आणि वाऱ्याच्या रेघा कशा वळतात ते बघा. मग ११ जुलै उजाडेल त्या दिवशी पुन्हा एकदा बघा. ७०० मीटरच्या जवळचा थर निवडा, फुगा तिथेच पोचला होता. आणि रेघ ध्रुवाकडे जाताना दिसली तर लगेच खूश होऊ नका, दोन दिवस पुढचा अंदाज लावून तीच रेघ कुठे जाते ते बघा.